बिनवाळूचे तीळ

चि. धाकटीस थोरलीचा आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. माझा आहे तसाच आहे. तुझ्या यजमानांची तब्येत विचारत नाही, ते स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतात.

लिहायला बसले ते असं. माझी नात रेडिओवर कामाला आहे, हे तुला ठाऊक आहे. तिथे ती शब्दांची कुळं सांगते. (माणसांची सांगितली असती तर चार लग्नं तरी जुळली असती.) परवा म्हणाली, आजी, ‘ब्रॉडकास्ट’ हा इंग्रजी शब्द मूळचा शेतातला. मुठीने बी चौफेर फेकून पेरायचं, हा त्याचा आधीचा अर्थ. रेडिओवाल्यांनी तो मागाहून उचलला. म्हणजे माहेर शेत, सासर रेडिओ, आणि सासरी गेल्यावर माहेरची ओळख विसरलेला. अशा पुष्कळ सुना पाहिल्यात मी. आता तिला हाताने पेरणी केलेली बाई हवी होती, आणि घरात आयती मीच.

मला रेडिओच्या कचेरीत बोलवून घेतलं. बोलणं भरून घ्यायच्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. बी पडल्याचा आवाज हवा म्हणून वाटीभर तीळ हातात दिले. मी म्हटलं, तीळ बारीक. कोरडी वाळू मिसळल्याशिवाय सारखे पडायचे नाहीत. एवढ्या मोठ्या कचेरीत मूठभर वाळू निघेना. मग फेकले तसेच. निम्मे मशीनवाल्याच्या बटणांत गेले. तो बिचारा ब्रशने टिपत बसला. म्हणाला, “आजी, शेतात बरं होतं तुमचं.” मी म्हटलं, “शेताला बटणं नसतात, बाबा.”

इथेच घात झाला. नातीने विचारलं, वाळू नाही घातली तर काय होतं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की तुझ्या यजमानांनी बिनवाळूचे तीळ फेकले नि तीन आठवडे भावाकडे जाऊन बसले. शेत टकलावरच्या केसांसारखं उगवलं, इथे झुपका, तिथे काही नाही. आणि मोकळ्या जागा आपण दोघींनी पुन्हा पेरल्या. परत आल्यावर भरलेलं शेत त्यांनी पाहिलं, नि चाळीस वर्षं गावाला आपला पेरणीचा हात मिरवत सुटलेत. तू मला शपथ घातली होतीस, ती मोडली. मूठ उघडली की बी आपलं राहत नाही, हे तुला मी काय सांगायचं.

तुझी थोरली

ता. क. कार्यक्रम गुरुवारी सकाळी दहाला आहे. तेवढा वेळ यजमानांना दळण देऊन गिरणीवर पाठव.

आणखी एक. नात म्हणाली होती, आजी, तेवढं कापून टाकते, कुणाला कळायचं नाही. मी म्हटलं, राहू दे. तेव्हा गिरणीवर तूच जा, आणि जाताना रेडिओ मोठा लावून जा.