पेरूचा धूर

९ नोव्हें., रवि.
सकाळी डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर नाही. आमचा लेक निनाद चहा पिता पिता सहज बोलून गेला. त्याला जिच्याशी लग्न करायचंय त्या आसेनलाची (आमची आसेन) आई तिला फोनवर म्हणाली म्हणे, "त्या मराठी घरात गेलीस तर आपलं जेवण तुला चोरून खावं लागेल." बाई लग्नाला नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. मार्चमध्ये तिकडून ईशान्येतून, मोकोकचुंगहून येणार, घर बघणार, मग सांगणार.

आधी राग आला. मग वाटलं, तिचं तरी काय चुकलं? आसेनने मागच्या वर्षी भाड्याच्या खोलीवर धुरात सुकवलेलं पोर्क शिजवलं, मालकाला वास चालला नाही, आठवड्यात सामान बाहेर. आईला कळल्याशिवाय राहतं का!

ह्यांना सांगून टाकलं, माझ्या घरात कुणी चोरून जेवणार नाही. ते पोर्क मी करणार. मागच्या अंगणात, उघड्यावर.
"तू? अंड्याच्या भांड्याला वेगळी घासणी ठेवणारी?"
ठेवते. मग?

१२ नोव्हें.
आसेनला फोन. त्यांच्याकडे मांस चुलीच्या वर टांगतात, दिवसच्या दिवस. लाकडाची चव उतरते त्यात. तिकडची लाकडं इथे कुठून आणू? म्हणाली, फळझाडाचं चालेल, आंबा, पेरू. "कड़वा पेड़ नहीं, काकू. नीम तो बिल्कुल नहीं."

१५ नोव्हें., शनि.
नोएडात आंब्याचं लाकूड कुठे मिळतं? पूजेच्या दुकानात! हवनाचं.
"किस चीज़ का हवन है, आंटीजी?"
म्हटलं, गृहशांती.

तेलाच्या जुन्या डब्यात खाली निखारे, वर जाळी, जाळीवर चिकन. पहिला प्रयोग म्हणून. त्या लाकडांना तूप नि कापूर चोळलेला होता. पाकिटावर लिहिलंय तसं, पण चष्मा घरी. ह्यांनी एक घास घेतला आणि हात जोडून बसून राहिले. मी इतकी हसले की ठसका लागला. सगळं फेकलं.

२३ नोव्हें.
हवा भयंकर. जाळायला सगळीकडे बंदी, आणि ती बरोबरच आहे. आत प्युरिफायर लावायचा नि मागे आपणच धूर करायचा, हे मलाच पटेना. थांबायचं.
आसेन म्हणते, "बाल्कनी में टांग दो काकू, दिल्ली खुद स्मोक कर देगी." फाजील आहे कार्टी. आवडते मला.

पेरूची कुंपणावर गेलेली फांदी मात्र कापून घेतली. लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडताना कुंडीतून आणलेलं झाड, आता छपरापर्यंत गेलंय. तुकडे करून जिन्याखाली वाळत घातले. ओल्या लाकडाचा धूर कडू येतो म्हणे.

१८ जाने.
थंडी, धुकं, बंदी. रोज जिन्याखाली जाऊन लाकडं उलटीपालटी करते. हे म्हणतात, "अंडी उबवतेस का?"
आसेनच्या आईने अजून तिकीट काढलेलं नाही. निनाद जेवताना फोन उलटा ठेवतो. पोराचा चेहरा बघवत नाही.

१५ फेब्रु., रवि.
वारा सुटला. निळं आकाश, चक्क! बंदी उठली.
मेट्रोने दिल्लीला, आयएनए मार्केट. पोर्क मागितलं. घेतलं. लांब पट्ट्या, मीठ, दोरीने डब्यात टांगलं. पेरूचं लाकूड खडखडीत वाळलेलं. ज्वाळा नको, नुसता धूर हवा. तो पातळ, निळसर, गोडूस. पहिल्यांदाच बरोबर जमलंय असं वाटलं.

वरच्या मजल्यावरून शेजारीण मिसेस भल्ला. "आग लगी है क्या जी?"
"नहीं जी, मीट को धुआँ दे रही हूँ."
"कौन सा मीट?"
क्षणभर वाटलं, चिकन म्हणावं. पण इथे खोटं बोलायचं तर सगळा खटाटोप कशाला? सांगितलं, पोर्क. त्यांनी दोरीवरच्या कपड्यांकडे बघितलं. मग, "मेरे कपड़े सूख जाने दो, फिर करना." चलो. कपडे वाळेपर्यंत थांबले.

१७ फेब्रु.
आज शिजवलं. आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं. चावलं, गिळलं, दुसरा तुकडा आपणहून घेतला. हे पोर्क खात नाहीत, खाणारही नाहीत. पण डब्यापाशी खुर्ची टाकून पेपर वाचत राखण मात्र त्यांचीच.
आणि आसेनच्या आईने तिकीट काढलं! निनाद किचनमध्ये येऊन मला उचलायला बघत होता. म्हटलं, कंबर मोडेल, तुझी.

८ मार्च, रवि.
आसेनच्या आई आल्या. बारीक, शांत बाई. आसेन दुभाषी. आधी अंगण बघितलं. डब्यात वाकून पाहिलं, लाकूड नाकाशी धरलं, कुठलं झाड म्हणून विचारलं. मी पेरूकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली.

आसेनने बांबूचे कोंब घालून माझं, ह्या आठवड्यात नव्याने धूर दिलेलं पोर्क रांधलं. त्या जेवल्या. चेहऱ्यावरून काही कळेना. मग लेकीला काहीतरी म्हणाल्या. आसेन हसू दाबत, "कहती हैं, धुआँ कम लगा है. दो-तीन दिन और टांगना था."
मेलं, इतके महिने राबून! पण मलाही हसू आलं. परक्या घरात पाहुणा इतकं खरं बोलतो होय?

जेवणानंतर त्यांनी उठून आपली बॅग उघडली. कपड्यांच्या तळाशी एक पुडकं. टॉवेल, प्लॅस्टिक, वर्तमानपत्र, परत प्लॅस्टिक. आसेनचे डोळे भरले. त्यांच्या चुलीवरचं पोर्क. लेकीला तिच्या खोलीवर चुपचाप द्यायला आणलेलं. माझ्या ओट्यावर एकेक गाठ सोडली. घरभर तो वास, काळा, दाट. आपणहून बाहेर नेऊन डब्यात टांगलं, माझ्या उरलेल्या पट्टीच्या शेजारी.

लग्नाच्या तारखेचं अजून कुणीच बोललेलं नाही. त्यांचं परतीचं तिकीट बुधवारचं आहे. उद्या पुन्हा डबा पेटवायचा, लाकडं त्या निवडणार आहेत.