हवा कुठून गळते

११ एप्रिल १९८३

मलप्पावर माझा विश्वास नाही. आज नांदेडला त्याच्या दुकानात दुपारभर बसलो. समोर दोन सॅक्सोफोन. एक देशी, नवाकोरा, आरशासारखा – उचलताच कळलं, पत्रा हलका. बाजूला सारला. दुसरा विलायती, जुना, जागोजाग चकाकी उडालेला. "मास्तर, खास प्रोफेशनल माल हाय. पलटणीच्या बँडातला." सगळ्यांचाच माल पलटणीतला असतो!

चाव्या एकेक दाबून बघितल्या. भोक झाकणाऱ्या प्रत्येक पॅडखाली सिगारेटचा कागद घालून ओढला. कागद सैल सुटला तर तिथून हवा जाते, हे मी माझं मीच शोधून काढलेलं. एकही सुटला नाही. हेच खटकलं. इतक्या जुन्या वाद्यात काहीच खोट नाही? मग विकतो कशाला?

मग वाजवला. खालचे सूर फुसफुसले. "ऐका!" म्हटलं. तर मलप्पा हसतो. "सवय होऊ द्या की. घरी न्या, वाजवून बघा, मग बोलू." दुकानदार आणि इतका मोठ्या मनाचा? घेऊन आलो, पण अंगठा अडकवायच्या आकड्याखाली दाभणानं बारीक खूण करून ठेवली. वाद्य परत गेलं आणि पुन्हा आलं, तर बदलून दुसरंच गळ्यात मारायचा.

१३ एप्रिल

लातूरचा जिल्हा झाला आणि साहेबलोकांची बिऱ्हाडं आली. आता लग्नाचं बोलायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न – "सॅक्सोफोन हाय का?" क्लॅरिनेटला कुणी विचारत नाही. त्यात दुष्काळ. लग्नंच नाहीत. होळीपासून मी क्लॅरिनेट तोंडाला लावलेलं नाही. निलंग्याच्या शिवमूर्ती आडत्यांची वरात तेवढी हाती आहे. सॅक्सोफोन नसेल तर तीही उदगीरच्या बँडाकडं जाणार.

बँडाच्या पुढं मीच उभा राहतो. सुरुवातीपासून. कुणाकडं शिकलो नाही, रेडिओला कान लावून बसवलं सगळं. सॅक्सोफोनही मीच वाजवणार. पण गळका नाही!

१५ एप्रिल

व्यंकटीचं लक्षण ठीक दिसत नाही. सख्खा भाचा. क्लॅरिनेट माझ्याच हाताखाली शिकला. तोच म्हणतो, "मामा, वाद्य लई भारी हाय. घेऊन टाका." याला कसली घाई?

आता आठवतं. नांदेडला याला बरोबर नेलं होतं. मी कागद लावत होतो तेव्हा हा आणि मलप्पा बाहेर पानटपरीशी कानडीत बोलत होते. मी आलो आणि दोघं गप्प. दलाली ठरली असणार.

१७ एप्रिल

पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा वाद्याचा वरचा गळा पाण्यात बुडवून बघायचा ठरवलं. बायको, केवळाबाई, घमेल्यावर हात ठेवून उभी. "टँकर कधी येईल त्याचा पत्ता न्हाई, आन् तुम्ही पितळंला पाणी पाजून राहिले?" शेवटी तांदळाचं धुवण दिलं. एक बुडबुडा नाही.

चहा पुन्हा शर्टावर. तिला सांगितलं, कपाची कड फुटलीय. "कप कवाच बदलला. डाग रोज डावीकडंच कसा पडतो? एकदा दवाखान्यात चला." कप फुटका म्हणून दवाखाना! बायकोचं तर्कशास्त्र.

१८ एप्रिल

क्लॅरिनेट काढलं. तेही फुसफुसतं! उन्हानं पॅडं वाळली. दुष्काळ वाद्यांनाही सोडत नाही.

२१ एप्रिल

टँकरवरून घागर घेऊन येत होतो. गल्लीच्या तोंडाशीच पाय थांबले. सॅक्सोफोन – माझ्या घरातून! अगदी खालचा सूर, रुंद, साईसारखा. फुसफुस नाही.

आत व्यंकटी. मला बघताच वाद्य खाली. "सहज, मामा..."

"कोणता स्क्रू पिळलास?"

"स्क्रू?"

"मी वाजवला की गळतो, तू वाजवलास की नाही. काय केलंस?"

त्यानं केवळाबाईकडं बघितलं. तिनं घागर उतरवून घेतली. "सांग की रं त्यांला. किती दिस झाकणार?"

"ऊन लई हाय, मामा. ओठ वाळतेत. दोन रोज थांबा."

म्हणजे ही पण सामील! "मलप्पाशी कानडीत काय चाललं होतं?"

त्यानं गळ्यातला पट्टा काढून ठेवला. मग खाली बघत – "म्हटलं, मामा वाद्याला नावं ठेवतील, पण तुम्ही ते दुसऱ्याला देऊ नका. खोट वाद्यात न्हाई."

हाकलून दिला. मला शिकवतो! मग आकड्याखालची खूण बघितली. वाद्य तेच आहे.

जेवलो नाही.

२२ एप्रिल

दुपारी दार लावून सगळी पॅडं पुन्हा तपासली. एकही सैल नाही. एकच जागा तपासायची राहिली होती. सिगारेटचा कागद ओठांच्या उजव्या कोपऱ्याशी धरला, माउथपीस तोंडात घेतला, फुंकलं. कागद स्थिर. डाव्या कोपऱ्याशी धरला.

फडफडला.

हात कापत नव्हता. तेही बघितलं.

वाद्य ठेवून घ्यायचं. व्यंकटीला बोलावून पट्टा त्याच्या गळ्यात घातला. "निलंग्याला पुढं तू." तो म्हणे, "आन् तुम्ही, मामा?"

मी झांजा धरीन. त्यांना तोंड लागत नाही.