गिऱ्हाईक पुढं, मिस्त्री मागं

पण उस्ताद, तुमचं ते मागं बसणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही अर्धंच पटलंय. गॅरेजबाहेर चार गाड्या उभ्या, एकाची एसटी चुकतेय म्हणून तो ओरडतोय, आणि तुम्ही दुरुस्त झालेली मोटरसायकल गिऱ्हाइकाच्या हातात देऊन स्वतः मागच्या सीटवर. आग्रा रोडनं दोन किलोमीटर, डोळे मिटून. धुळ्यात असा दुसरा मिस्त्री दाखवा. बाकीचे स्वतः चालवून बघतात, पैसे घेतात, मोकळे होतात. मी म्हणालो, उस्ताद, यात अर्धा दिवस वाया जातो. तुम्ही हात पुसत म्हणालात, "हिरो, चलानेवाले को वही सुनाई देता है जो उसको सुनना है. तू तो कभी पीछे बैठा ही नहीं." सगळं गॅरेज हसलं. त्याच आठवड्यात मी सुरतेला निघून गेलो, तुम्हाला न सांगता. तुम्ही वारल्याचं मला फार उशिरा कळलं, आणि आता त्यालाही आठ वर्षं झाली.

सुरतेला ज्या शेठकडे कामाला लागलो त्याच्या मेहुण्याचं इकडे अमेरिकेत मोटेल, त्यानं मला आणलं. सातवी नापास माणूस इथवर पोचला हे तुम्हाला खोटंच वाटेल. नळ, एसी, गवत कापायचं मशीन, जे बिघडेल ते मी बघतो. पण पाय ठरत नाही. तीन वर्षांत चार गावं, चार मोटेलं झाली. बायको चोपड्याची, केळीवाल्याची मुलगी. पोळ्या लाटता लाटता एकदा म्हणाली, "आता परत बिऱ्हाड हललं तर मी चोपड्याला जाईन. तुम्ही फिरा." भांडली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर पंधरा दिवसांतच मी तिला म्हटलं, चल, फिरून येऊ, मोटरसायकलवर, आठ दिवस. भंगारातली एक जुनी गाडी मी उभी केली होती. ती इतकी खूष झाली की माझं तोंड उतरलं. कारण खरं वेगळंच होतं. पुढच्या राज्यात शेतीची मशीनं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला मी होकार देऊन आगाऊ पैसे घेतले होते. तिला ते गाव दाखवायचं, आवडलं तर सांगायचं. आणि नाही आवडलं तरी जायचंच होतं.

नेब्रास्कात रस्ता इतका सरळ की हँडल फिरवायचं विसरावं. मका, मका, मग नुसतं गवत. मध्येच धान्याची उंच टाकी, एक चर्च, एक पंप, आणि पंपावरचे म्हातारे आमच्याकडे, त्यातही तिच्या ओढणीकडे, टक लावून बघणार. तिसऱ्या दिवशी मागून ती म्हणते, "कसला तरी आवाज येई राहिना." मी म्हणतो, वारा आहे. थोड्या वेळानं पाठीत बोट. "वारा घरघर करत नही. मना पायले थरथर समजी राहिनी." मी थांबतो, चेन बघतो, काही दिसत नाही. तुला काय कळतं, असं म्हणूनही जातो.

"नही कळत. मग तुम्ही मागे बसा. मी चालवस."

केळीच्या बागेतून बापाची गाडी चालवलेली पोरगी ती. मी बसलो, उस्ताद. आयुष्यात पहिल्यांदा. आधी नुसती तिची ओढणी तोंडावर येत होती. मग डोळे मिटले, आणि इंजिनाच्या आवाजाखाली जातं फिरावं तशी घरघर, ती रेस सोडते तेव्हा जास्तच स्पष्ट. मागच्या चाकाचं बेअरिंग. मीच बसवलेलं, जुनंच पुसून. आणखी शंभर मैल मी ताणली असती तर चाक लटपटून दोघं रस्त्यावर पडलो असतो, आणि मागं ती असती.

एका शेतकऱ्यानं शेडमध्ये गाडी घेऊ दिली. बेअरिंगवरचा नंबर धुळ्यात तोच, इथंही तोच. त्याच्या डब्यात मिळालं. बसवल्यावर मी चावी तिच्या हातात दिली आणि तिनं न सांगता मागं बसलो. आवाज गेला होता. मग तिच्या मानेशी तोंड नेऊन बोललो, त्या माणसाचं, कामाचं, पैशांचं. ती गाडी हळू करत नाही.

"माले पहिल्याच दिवशी समजनं. फिरायला जाणारा माणूस इस्त्रीचे तीन शर्ट घेत नही."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, पाहू कव्हय सांगतस."

पुढं फाटा येतो. ती पाय टेकून थांबते, मागं वळून न बघता कुठं जायचं ते मलाच विचारते. "आते सांगा, कथा जानं शे?" त्या माणसाच्या गावाचा रस्ता उतारानं खाली जातो, मला तो फार आवडतो. तो दिसेनासा होतो तिथवर मी बघून घेतलं. मग म्हणालो, घरी. "कोणतं?" मोटेलचं, म्हणालो. तिनं गाडी वळवली.

पाय अजून शिवशिवतात. तुमच्यासमोर हे कबूल करता आलं नसतं, म्हणून ही चिठ्ठी, आणि ती कुठंच जाणार नाही. जातायत ते त्या माणसाचे आगाऊ पैसे, परत. त्यातले साठ मी पेट्रोलला उडवले होते, ते तिच्याकडून मागून घेतले. एकूण तीनशे डॉलर.