पाळीचा गणपती

२६ ऑगस्ट
पोचले मिठबावला. गणपतीवर टांगायची माटी, रानफळापानांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधून तयार होती. माझ्या हातून लागावं म्हणून आईने कवंडाळाचं एक फळ तेवढं बाजूला ठेवलं होतं.

तिकडे विद्यापीठात परदेशी मुलांचं काम बघणाऱ्या बाईंनी बजावलं होतं — यंदा देशाबाहेर पडू नका, नियम रोज बदलतायत. माझा व्हिसा जूनमध्येच संपलाय. तिथे राहायला हरकत नाही, पण एकदा बाहेर पडलं की नवा शिक्का घेतल्याशिवाय आत घेत नाहीत. मी म्हटलं, होईल पंधरा दिवसांत. बाईंना काय सांगणार — गणपती काकांच्या घरांतून पाळीने फिरतो आणि यंदा पाळी आमची? बाबांचं हृदय अर्धंच चालतंय. पुढच्या पाळीला ते असतील का, हे सर्वेशने फोनवर विचारलं नाही. भाऊच माझा, मला कळलं.

२७ ऑगस्ट
बाबांनी गणपतीला गाऱ्हाणं घातलं. आवाज बारीक झालाय, पण शब्द तेच. "सगळी लेकरां पुढल्या वर्साक हंयच तुझ्या पायांकडे जमव रे म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो — व्हय म्हाराजा! मीच सगळ्यांत मोठ्याने.

४ सप्टेंबर
पासपोर्ट नुसता पेटीत टाकून शिक्का मिळायचा, ती सोय बंद. आता सगळ्यांनाच मुंबईला मुलाखत. पहिली मोकळी तारीख मार्चमधली.
मार्च! आले होते मोदक खायला.

१९ सप्टेंबर
तारीख नाही.

३० सप्टेंबर
शर्मिलाकाकीने अंगणातूनच विचारलं, सुट्टी बरीच मोठी गो तुझी? मग आईला आत नेऊन हळूच — काढून टाकल्यानी काय? आई म्हणाली, पोरगी दमली होती, म्हणून थांबली. आई इतकं सहज खोटं बोलते हे मला ठाऊक नव्हतं.

१४ ऑक्टोबर
तिकडच्या माझ्या सरांशी फोनवर बोलणं झालं. एक डिसेंबरपर्यंत पोचले नाही तर टाकी दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. टाकीत माझी कालवं आहेत. गरम होत जाणाऱ्या पाण्यात ती कशी तगतात, यावर सहा वर्षं गेली माझी. टाकी गेली की पीएचडी गेली, एवढं सोपं आहे ते. सध्या रेझा त्यांना खायला घालतो. काही मेली म्हणाला. इकडे आईने काल खाडीतली कालवं आणून सुकं केलं. मी दोनदा वाढून घेतलं.

जेवताना बाबांनी विचारलं, हा रेझा कोण. सांगितलं — इराणचा, शेजारच्या टेबलावर बसतो. त्याच्या देशातल्या मुलांना एकदा बाहेर पडलं की परत येण्याची खात्रीच नसते. म्हणून तो घरी गेलेलाच नाही. आई वारली तेव्हाही नाही. फोनवर बघितलं सगळं, आणि दुसऱ्या दिवशी कामाला आला.
आई म्हणाली, "काळीज आसा काय दगड?" बाबांनी ताटात हात धुतला आणि उठले.

२८ ऑक्टोबर
कुणीतरी तारीख सोडली, मला मिळाली! पाच नोव्हेंबर, मुंबई. सर्वेश दुकान बंद ठेवून सोबत येतोय.

५ नोव्हेंबर
खिडकीपलीकडच्या माणसाने एकच धड प्रश्न विचारला — शिक्षण अर्धं असताना गेलात कशाला? म्हटलं, घरी गणपतीची पाळी होती. त्याने मान वर करून बघितलं. त्याला कळलं नसणार. माझं मलाही तिथे उभं राहून खुळेपणाचंच वाटलं. पासपोर्ट ठेवून घेतला.

१३ नोव्हेंबर
व्हिसा आला. पण एकदाच आत जाण्यापुरता; पुन्हा बाहेर पडले की पुन्हा नवा शिक्का.
त्याच दुपारी गोव्याच्या हॉस्पिटलातून फोन — बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन दोन डिसेंबरला. मी म्हटलं, ऑपरेशन झाल्यावर जाते. गेली टाकी तर गेली. खरंच वाटलं तसं, नुसतं बोलायला म्हणून नाही. आई रडली. बाबांनी सर्वेशला विमानाची तारीख विचारली.

मग मी दुसरं सुचवलं. आता जाते, तुम्हाला काही झालं तर लगेच येते. बाबा म्हणाले, "आणि मगे मार्चाची वाट बघशीत?"

१६ नोव्हेंबर
गाडी दारात उभी होती. बाबांनी देवासमोर नारळ ठेवला, एका हाताने भिंत धरून उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, पोर कामाक चल्ली हा. तिचा काम पुरा होयपर्यंत हंय कायव झाला तरी तिका परत येवची बुद्धी देव नको रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला घरच्यांनी होकार द्यायचा असतो. सर्वेश गप्प. मीही गप्प. बाबा वळून आमच्याकडे बघत राहिले.
शेवटी आई म्हणाली, व्हय म्हाराजा.