कमलचं स्थळ मोडलं

रत्नागिरी, गुरुवार, २० मार्च १९३०

दादा आज लांज्याहून मुहूर्त ठरवूनच आले. कमलचं लग्न पुढच्या बुधवारी! एक एप्रिलपासून नव्या कायद्याने चौदाच्या आतल्या मुलीचं लग्न लावलं तर बापाला कैद नाहीतर दंड, म्हणून त्याआधी उरकायचं. कमलला परवा बारा पुरी झाली. बाराच.

"जयगडचं स्थळ पुन्हा येणार नाही. आता लावलंस तर कोण विचारतो?" दादा म्हणाले.

शाळेत मुलांना शिकवताना या कायद्याची बाजू घेणारा मी, थोरल्या भावापुढे जीभ उचलेना. आमची थोरली मुलगी सुशी तेराव्या वर्षी बाळंतपणात गेली. ते स्थळही दादांनीच आणलेलं.

एवढ्यात ही स्वयंपाकघराच्या दारात आली. वीस वर्षांत दिरांसमोर कधी बोलली नव्हती.

"भावोजी, सुशीला दिली. हिला देणार नाही."

दादा ताटावरून उठून गेले. मग जयगडला नकाराचं पत्र लिहून मीच टपालात टाकलं. तेवढं तरी केलं.

पण दोन वर्षांनी कमलला कोण करून घेईल? दादा पुन्हा माझं तोंड बघतील का?

मघाशी कमलने विचारलं, "बाबा, उद्या शाळेत जायचं ना?"

"हो," म्हटलं. माझा आवाज तिला कसा वाटला असेल, कोण जाणे.