रंगूबाईचा मेंदू आणि सभागृहाचा एसी

कामोठे, नवी मुंबई

तीर्थरूप दाजी,

आपल्याला आणि आक्काला राजवर्धनचा साष्टांग नमस्कार (लांबूनच घालतो आहे, समोर यायला तोंड उरलेलं नाही). आपला गुडघा जिने चढू देतो का? आक्काची साखर आटोक्यात आहे ना? माझी तब्येत ठीक; मन तेवढं आक्काच्या अबोल्याने खंगलं आहे. गीतांजलीच्या साखरपुड्याला सगळं गाव हजर आणि सख्खा मामा गैरहजर, हा गुन्हा मला मान्य आहे. 'उंदराच्या कामात अडकलोय' असा मेसेज मी पाठवला. आक्काला ती थट्टा वाटली आणि तिने मला घरच्या ग्रुपमधून काढून टाकलं. पण दाजी, ते अक्षरशः खरं होतं. फोनवर सांगण्यासारखं प्रकरण नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो ते कॉलेज वामनशेठ यांचं. बेलापूरच्या खाडीकाठच्या गावातलं हे शेतकऱ्याचं घर. शेतं शहराच्या पोटात गेल्यावर त्यांनी आधी इमारती उभ्या केल्या आणि मग कॉलेज. माणूस दिलदार. एकच व्यसन, उद्घाटनाचं. मागे त्यांनी मेंदूचे तरंग टिपणारं एक परदेशी यंत्र आणवलं होतं. त्याचं उद्घाटन झालं, पेढे झाले, आणि वर्षभरात त्याचं लायसन संपून ते बंद पडलं. ते नवं करून द्यायला ती कंपनीच जागेवर राहिली नव्हती. आता त्या यंत्रावर प्राचार्यांचं मनीप्लँट आहे (छान वाढलंय).

अशात आमच्याकडे प्रियदर्शिनी नावाची मुलगी संशोधनाला आली. मूळची आपल्या कोरेगावकडची. वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. ती म्हणाली, सर, हे यंत्र आपण इथेच बनवू. जगभरातल्या लोकांनी अशा यंत्रांचे नकाशे इंटरनेटवर उघडे टाकलेत, कुणीही घ्यावेत, बनवावेत, सुधारावेत. उंदराच्या डोक्यावर दोन नाण्यांच्या वजनाची टोपी, तिच्यातून केसाहून बारीक तारा मेंदूत (रीतसर परवानगी काढून आणि पूर्ण भूल देऊन, आक्काला सांगा), आणि मग उंदीर मोकळा. हिंडू दे, खाऊ दे, मेंदू काय करतोय ते पडद्यावर दिसतं. जुन्या पद्धतीत जनावराला जखडून ठेवत. जखडलेल्या जनावराच्या मेंदूत जखडल्याचाच विचार असणार, हे तिचं म्हणणं मला पटलं.

पटलं नाही ते खरेदी विभागाला. तिथले दिपेशराव म्हणाले, नियमाप्रमाणे तीन कोटेशन आणा. नकाशे फुकट आहेत, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "मग फुकटचीच तीन आणा." आम्ही तीन वेगळ्या संकेतस्थळांवरून शून्य, शून्य आणि शून्य अशी तीन कोटेशनं सादर केली. सर्वांत कमी शून्य कुणाचं, यावर समितीची बैठक बसली आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. तोवर प्रियदर्शिनीने टोपी करूनसुद्धा टाकली. सुटे भाग मागवले, डाग देऊन जोडले, आणि टोपीचा प्लॅस्टिकचा सांगाडा वाशीत थ्रीडी प्रिंटरवर कीचेन छापून देणाऱ्या एका दुकानात छापून घेतला. आमची उंदरीण रंगूबाई (डोकं काळं, अंग पांढरं, स्वभाव आपल्या धाकट्या काकूंचा) ती टोपी घालून मजेत हिंडू लागली.

वामनशेठना कुणकुण लागली आणि उद्घाटन ठरलं. नेमकं साखरपुड्याच्या दिवशी. प्रयोगशाळेत एसी नाही, पाहुणे घामेजतील, म्हणून रंगूबाईची वरात सभागृहात आली. फीत कापली, पडदा उजळला, आणि काय सांगू दाजी, पडद्यावर अशी देखणी लाट! प्रत्येक उंचवटा मापात कापलेला, एकही चुकार नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. वामनशेठ माइकवर म्हणाले, "बगा, उंदीर असून किती शिस्तीत विचार करतंय! आमच्या पोरांनी शिकायला पायजे." पत्रकाराने मला पडद्याकडे बोट दाखवायला लावून फोटो काढला.

तेवढ्यात प्रियदर्शिनी माझ्या कानाशी आली. "सर, ही रंगूबाई नाहीये. हा एसी आहे."

भिंतीतल्या विजेची गुणगुण तारांनी पकडली होती आणि तिच्याखाली बिचारीचा मेंदू पार बुडाला होता. माझ्या एका हातात गुच्छ, दुसऱ्यात नारळ. मी म्हणालो, "नंतर बोलू." (हे वाक्य मी नोकरीत फार वापरलंय.)

आणि लाईट गेली. पडदा विझला, एसी थांबला, सगळे पाहुणे व्हरांड्यात आइस्क्रीमकडे धावले. सभागृहात उरलो आम्ही दोघं, रंगूबाई आणि बॅटरीवर चालणारा लॅपटॉप. त्यावरची शिस्तीची लाट नाहीशी झाली होती. तिच्या जागी एक वेडीवाकडी बारीक रेघ थरथरत होती. रंगूबाई कोपऱ्यात बसून होती. मग ती उठून चालायला लागली, आणि रेघेला लय आली. ती थांबली, लय विरली. पुन्हा चालली, पुन्हा आली. दाजी, ही आकृती मी इतकी वर्षं फळ्यावर काढतोय, पोरं वहीत उतरवून पास होताहेत, आणि जिवंत जनावरात ती मी पहिल्यांदा पाहिली. प्रियदर्शिनी रडत होती. मी नारळ खाली ठेवला.

तसाच बाहेर जाऊन वामनशेठना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. ते आइस्क्रीम ढवळू लागले.

"मंजे आमी टाळ्या एसीला वाजवल्या?"

"होय शेठ."

"एसी पन आपल्याच कॉलेजचा हाय ना?" ते म्हणाले. "मग झालं. खरी रेघ तुमच्या पेपरात लिवा. हायवेवरच्या बॅनरवर मगाचीच लाट जाऊ दे, ती दिसते चांगली."

प्रियदर्शिनीने त्यांना समोर जाऊन सांगितलं, "मग बॅनरवर माझं नाव नको." आणि दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही लाटा, जिथून नकाशे घेतले होते तिथेच, जगासमोर टाकल्या: ही आमची उंदरीण, हा आमचा एसी, तुम्ही फसू नका. मला वाटलं, संपली पोरगी, आणि तिच्याबरोबर मीही. पण उत्तरं यायला लागली. आसामातल्या एका प्रयोगशाळेने कळवलं की ते महिनोन्‌महिने ज्या लाटेचा अभ्यास करत होते तो त्यांचा फ्रिज निघाला. कुणी आभार मानले, कुणी विजेची गुणगुण बाहेरच अडवणारा जाळीचा पिंजरा करून त्यात उंदीर ठेवायची युक्ती दिली. परदेशातून आपल्या कॉलेजला पत्रं येताहेत म्हटल्यावर वामनशेठांनी पिंजरा तर करून दिलाच, वर त्याचं उद्घाटनही केलं. या वेळी पडद्यावर खरी, वेडीवाकडी रेघ होती. टाळ्या कमी पडल्या. जुना बॅनर मात्र हायवेवर अजून आहे. तो उतरवायचा अर्ज समितीपुढे आहे.

तरी आक्काची समजूत काढावी आणि मला ग्रुपमध्ये परत घ्यावं. नव्या जावईबापूंना आशीर्वाद.

आपला,
राजवर्धन

ता. क. गीतांजलीचा आहेर कुरिअरने पाठवला आहे. खोक्यावर 'प्रयोगशाळा साहित्य' लिहिलंय. घाबरू नये, आत पैठणी आहे.

ता. क. २. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. आमच्याकडे उपप्राचार्यांची जागा निघाली आहे आणि निवड समितीतले एक गृहस्थ आपले जुने विद्यार्थी निघाले. त्यांच्या कानावर माझ्या सचोटीबद्दल दोन शब्द घालावेत. फक्त सचोटी एवढंच म्हणावं. उदाहरण कृपया देऊ नये. समितीचे अध्यक्ष वामनशेठ आहेत.