भरतीत बुडणारा रस्ता

वुडलँड्स, सिंगापूर
३ जुलै २०१६

प्रिय सुनेत्रा,

तू पुण्याला गेल्यापासून दोन वर्षांत मी तुला अवनीच्या शाळेच्या नोटिसा पाठवण्यापलीकडे काही लिहिलेलं नाही. त्यामुळे लिफाफा बघून दचकू नकोस. आम्ही दोघं धडधाकट आहोत. मी वैतागलोय, आणि माझा वैताग ऐकून घ्यायची सवय फक्त तुलाच आहे.

जूनच्या सुट्टीत कुठे जायचं ते तू ठरव, असं मी अवनीला सांगून बसलो. तेरा वर्षांची मुलगी, फार तर जपान म्हणेल. हिने स्कॉटलंडच्या पार टोकाचं, समुद्रकाठचं एक कॉटेज शोधून काढलं. दोन विमानं, मग भाड्याच्या गाडीने सहा तास, शेवटी एकच गाडी मावेल असा रस्ता आणि त्यावर ठाण मांडून बसलेल्या मेंढ्या. घरात लोखंडी शेगडी. मालकीणबाईंनी हात लावला की पेटायची, मी लावला की नुसता धूर. बाईंचं इंग्रजी मला कळेना, माझं त्यांना. अवनीला दोघांचंही कळत होतं आणि ती मजेत हसत होती. पाऊस आडवा. फोनला रेंज नाही. ऑफिसला मेल करायला मी रोज टेकडी चढत होतो. आणि बटाटे, सुनेत्रा! रोज बटाटे. तिसऱ्या दिवशी मला यिशुनच्या हॉकर सेंटरमधल्या आपल्या नेहमीच्या खाण्याच्या गाळ्यावरचा डोसा स्वप्नात दिसला.

कॉटेज होतं एका छोट्या बेटावर. किनाऱ्याला जोडणारा रस्ता भरतीत पाण्याखाली जातो. त्याचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं होतं. पाचव्या दिवशी पलीकडे किनाऱ्यावरच्या गावातल्या दुकानात अवनी सारखी म्हणत होती की वेळ होत आली, निघू या. हार्बरफ्रंटच्या ऑफिसात बसून मी बावीस वर्षं जहाजांच्या वेळा लावतोय, मला भरती शिकवू नकोस, असं मी तिला ऐकवलं. पोचलो तेव्हा रस्ता गायब, पुढे नुसतं पाणी. ओहोटी होईपर्यंत पाच तास आम्ही गाडीत.

पहिला तास मी मेंढ्यांपासून हवामानापर्यंत सगळ्यांना नावं ठेवण्यात घालवला. मग ती बोलली. एरवी माझ्या प्रत्येक प्रश्नाला इथल्या पोरांसारखं 'ओके लाह' म्हणून खोलीत निघून जाणारी मुलगी, सलग मराठीत बोलली. पाठ करून आली असावी.

"बाबा, मला आईकडे राहायचंय. तुझा फोन लागणार नाही अशी जागा शोधत होते, म्हणून तुला इथे आणलं."

मी भडकलो. हे तूच तिच्या डोक्यात भरवलंस असं म्हणालो, आणि आणखीही बरंच काही, जे तिच्यासमोर बोलायला नको होतं. ती रडली नाही. तिने सांगितलं की वर्षापूर्वीच तिने तुला विचारलं होतं आणि तू नाही म्हणालीस. बाबा एकटा पडेल, तो स्वतःहून पाठवेल तेव्हाच ये, असं सांगितलंस.

त्यानंतर आम्ही पाणी उतरायची वाट बघत बसलो. ओळखीच्या प्रत्येक माणसाला मी दोन वर्षं सांगत आलोय की सुनेत्रा मुलीला माझ्यापासून तोडते आहे. खरी गोष्ट तू मला कळू दिली नाहीस, याचाही मला रागच आला. अजूनही थोडा आहे.

घरी परतल्यापासून अवनीने तो विषय काढलेला नाही, आणि तेच जास्त छळतं. मी तिला तुझ्याकडे पाठवतोय. नोव्हेंबरात तिची परीक्षा संपली की लगेच. तिथल्या शाळेचं तू बघून ठेव. तिला अजून सांगितलेलं नाही. सांगायला जातो आणि पसरलेल्या मोज्यांवरून ओरडून परत येतो. उद्या सांगेन. एकच मागणं आहे, तिला न्यायला तू इथे ये. मी एकटा चांगी विमानतळावर सोडायला गेलो, तर तिचा हात सोडेनच याची मला खात्री नाही.

तुझाच, वैतागलेला,
निशिकांत